दुसऱ्याची सीट

"खाली काय घालू, गोधडी का पोतं?" दस्तूमामांनी विचारलं.

मी गाडीत बसले होते, म्हणजे खरं तर बुडाले होते. स्टीअरिंगच्या वर मला फक्त कोईमतूरचं आभाळ दिसत होतं. शर्यतीची एकट्या माणसाची गाडी म्हणजे काही एसटीचं बाकडं नव्हे, की कोणीही यावं आणि टेकावं. तिची सीट ड्रायव्हरच्या अंगाबरहुकूम करून घेतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत फोम ओतायचा, ड्रायव्हरनं त्यावर गाडीत बसतो तसं बसायचं आणि फोम फुगून पाठीला, बरगड्यांना, मांड्यांना घट्ट धरेपर्यंत हलायचं नाही. मग जे तयार होतं ते त्या एकट्याचं. ही सीट आमच्या टीमच्या ड्रायव्हरची, समरजित पाटणकरची होती. समरदा सहा फुटी, खांदे तालमीतले. त्याच्या सीटमध्ये माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

"गोधडी घाला," मी म्हटलं.

"बायकोची हाय बरं का. फाडलीस तर तिच्याफुडं तू उभारायचं, मी न्हाई."

दस्तूमामा म्हणजे दस्तगीर मुल्लाणी, आमच्या टीमचे मुख्य मेकॅनिक. साठी ओलांडलेले, डाव्या पायानं लंगडत चालायचे. त्यांनी गोधडीच्या घड्या घातल्या, एक माझ्या पाठीमागं खुपसली, एक खाली, दोन बगलांना, आणि वरून पट्टे असे आवळले की माझा श्वास अर्ध्यावर थांबला.

"आता दिसतंय का काय?"

"दिसतंय."

"मग झालं. शर्यतीत दुसरं काय लागतंय!"

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि देशातल्या पहिल्या दोन-तीन टीमपैकी एका टीमच्या गाडीत बसले होते ते एका म्हशीच्या कृपेनं. समरदा कोल्हापुरात गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेला होता. तिथं म्हशी रस्त्यातच पिळतात आणि फेसाळ पेला हातात देतात. समरदानं पेला घेता घेता म्हशीच्या पाठीवर कौतुकानं थाप मारली. म्हशीला ते कौतुक आवडलं नसावं. तिनं लाथ झाडली आणि दोन वर्षं ताशी दोनशेनं गाडी हाकून ज्याला साधं खरचटलंही नव्हतं त्या माणसाचं मनगट मोडलं. हंगामाची शेवटची शर्यत पंधरवड्यावर आली होती आणि टीमच्या चषकासाठी आम्ही चेन्नईच्या टीमच्या जेमतेम पुढं होतो.

तेव्हा टीमचे मालक बापू इंगवले यांनी इचलकरंजीला आमच्या घरी फोन केला. माझे बाबा 'मगदूम मोटार ड्रायव्हिंग स्कूल' चालवायचे, आणि मी तिथं बायकांना गाडी शिकवायचे.

"इंगवले बोलतोय शिरोलीहून. गाडी चालवायला मुलगी पाहिजे तुमची," बापू म्हणाले.

"बायकांची बॅच सकाळी असते," बाबा म्हणाले. "लर्निंग लायसन्स काढलंय का? घरातलं कोण शिकणार आहे?"

बाबांची चूक नव्हती. त्यांच्या लेखी माझं शर्यतींचं वेड रविवारपुरतं होतं. हायवेवरच्या ट्रॅकवर छोट्या गाड्यांच्या शर्यतीत मी पोरांना हरवायचे, आणि वर्षभर बापूंच्या टीमसाठी नवी इंजिनं फिरवून मोकळी करून द्यायचे. नवं इंजिन सुरुवातीला हळुवार चालवावं लागतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या पोरीपेक्षा नरम पाय कोणाचा, म्हणून मला बोलवायचे. शर्यतीत बसवतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हणजे स्वप्नात वाटलं होतं, रोज वाटायचं, पण ते कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि बापूंनीही गोड बोलून बोलावलं नाही. "एक शर्यत," ते म्हणाले. "तेवढ्यावरून मी काय ते ठरवीन. पुढच्या वर्षाचं आत्ता विचारू नकोस."

सरावाच्या पहिल्या दिवशी मी दहा-बारा फेऱ्या मारून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅककडेच्या आमच्या दुरुस्तीच्या जागेत, आले. हेल्मेट काढायच्या आधीच विचारलं, "बापू, किती आली वेळ?"

बापू स्टूलवर बसले होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात स्टॉपवॉच. त्यांनी ते शर्टाच्या खिशात टाकलं.

"आधी गाडीचं सांग. मग तुझं."

हा त्यांच्या टीमचा कायदा होता, मला माहीत नव्हता. ड्रायव्हर आत आला की आधी गाडी कशी होती ते सांगायचं, पुढून मागून, प्रत्येक वळणाचं. ते संपेपर्यंत वेळ कोणी सांगायची नाही. मेकॅनिक पोरंसुद्धा तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प बसायची.

"गाडी चांगली आहे," मी म्हटलं.

"चांगली म्हणजे काय? स्थळ बघायला आलीस काय?"

पिटमध्ये सगळे हसले. माझे कान तापले. बापू हसले नाहीत.

"डाव्या वळणात पुढचं टोक आत जातं का बाहेर ओढतं? ब्रेक दाबल्यावर कुठलं चाक आधी धरतं? तिसऱ्यातून चौथा गिअर टाकताना काय होतं? जा, परत फिरून ये आणि सांग."

मी परत गेले. आले. सांगितलं ते पुरलं नाही. परत गेले. संध्याकाळपर्यंत मला गाडीचं चाक न् चाक वेगळं कळायला लागलं होतं, आणि माझी वेळ मात्र कोणी सांगितली नव्हती. शेवटी जाता जाता बापूंनी आकडा सांगितला. समरदाच्या वेळेपेक्षा फार मागं नव्हता. मला उडी मारावीशी वाटली, पण गोधडीत जखडलेल्या माणसाला उडी मारता येत नाही.

समरदा प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून आला होता. मनाचा मोकळा माणूस. मला कुठल्या वळणात काय करायचं ते सगळं त्यानं हातचं न राखता सांगितलं. जेवताना माझ्या ताटात स्वतःचा वडा टाकत म्हणाला, "पद्मा, एक लक्षात ठेव. बापू विचारतात गाडीचं, तेव्हा फार फाटे फोडायचे नाहीत. मी काय सांगतो माहितेय? 'बापू, रॉकेट!' बास. मग किरकोळ एखादं काहीतरी. नव्या माणसानं तक्रारी सुरू केल्या की लोक म्हणतात, हिलाच चालवता येत नाही."

"आणि खरंच काही असलं तर?"

"गाडी टॉपची आहे गं. दोन वर्षं जिंकतेय. तिला काय होतंय!"

मला पटलं. पटणारच, कारण ते सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्वालिफाइंग होतं. म्हणजे एकेकानं वेगात फेऱ्या मारायच्या आणि ज्याची फेरी सगळ्यात जलद तो उद्या सगळ्यांत पुढं उभा राहणार. त्या ट्रॅकवर पुढच्या गाडीला ओलांडून जाणं अवघड, म्हणून पुढं उभं राहणं म्हणजे अर्धी शर्यत मारणं. आम्हाला चषकासाठी चौथा नंबर पुरणार होता. दस्तूमामा पट्टे आवळताना म्हणाले, "पहिल्या चारात उभी ऱ्हा पोरी. उद्या मग देवाचं नाव घिऊन नुसतं पळत ऱ्हायाचं."

माझ्या पहिल्या फेऱ्या बऱ्या झाल्या. शेवटची फेरी अशी लागली की काय सांगू. आयुष्यात काही वेळा हात आपल्या आधी पुढं जातात, तशी. तिसऱ्या वळणाला मी आत घुसले, जरा जास्तच आत. तिथं वळणाच्या कडेला लाल-पांढरा काँक्रीटचा कठडा असतो, हातभर रुंद आणि जेमतेम चार बोटं उंच. त्याच्या टोकावर माझं पुढचं डावं चाक धाडकन आदळलं. गाडी क्षणभर हवेत होती. स्टीअरिंग हातात शहारलं. मग चाकं टेकली, गाडी सरळ झाली आणि पुढं काहीच झालं नाही. उरलेली फेरी मी तशीच पूर्ण दाबून मारली.

पण सरळ रस्त्यावर मला वाटलं की ही गाडी मघाची नाही. काय बदललं ते सांगता आलं नसतं. घरातली एखादी वस्तू कोणी उचलून परत जागेवर ठेवली की आपल्याला उगाच वाटतं ना, तसं काहीतरी.

फेऱ्या संपल्यावर सगळ्या गाड्या एका कुंपणाच्या आत लावून ठेवतात. शर्यत सुरू होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. आम्ही त्याला कोंडवाडा म्हणायचो. कोंडवाड्यातली गाडी उघडायचीच असेल तर अधिकाऱ्यांना विचारून उघडता येते, पण मग मिळवलेली जागा गेली. उद्या सगळ्यांच्या मागं उभं राहायचं.

मी गाडी कोंडवाड्यात लावून पिटकडं आले तेव्हा पोरं वेड्यासारखी हसत होती. कोणी बोलत नव्हतं, कायदा होता ना, पण एकानं पाठीमागून तीन बोटं नाचवून दाखवली. तिसरी! मी तिसरी आले होते. समरदानं चांगल्या हातानं माझ्या पाठीवर दणका दिला. दस्तूमामा फडक्याला हात पुसत होते, ते नुसतेच पुसत राहिले.

बापू स्टूलवरून उठले नाहीत.

"आधी गाडीचं," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. 'रॉकेट' हा शब्द अगदी ओठावर होता. तो कठडा ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला होता, पिटमधून दिसत नव्हता. त्या वेळी माझ्या पुढंमागं कोणी गाडी नव्हती. कोणीही पाहिलं नव्हतं. आणि झालं तरी काय होतं? काहीच नाही. गाडी तर पळाली होती, तिसरी आली होती. उद्या पहिल्या चारात टिकलं की चषक टीमचा, आणि कदाचित पुढच्या वर्षी गाडी माझी. समरदा माझ्याकडं बघून हसत होता.

मला त्या क्षणी फार राग आला, कोणाचा ते अजून सांगता येत नाही. असा प्रश्न विचारायचाच कशाला, असं वाटलं.

"तिसऱ्या वळणाला कठड्यावर गेले," मी म्हटलं. "डावं चाक आदळलं. जोरात. स्टीअरिंग हललं. मग नीट झालं."

हसणारी पोरं थांबली.

"मग?" बापू म्हणाले.

"मग काही नाही. पण सरळ रस्त्यावर गाडी वेगळी वाटली."

"कशी वेगळी?"

"सांगता येत नाही."

"डावीकडं ओढत होती?"

"नाही."

"थरथर?"

"नाही. नुसतीच वेगळी."

"खात्री आहे?"

"नाही," मी म्हटलं. "खात्री नाही."

बापूंनी खिशातून स्टॉपवॉच काढलं, बघितलं, परत आत टाकलं. मग उठले. "दस्तू, अधिकाऱ्यांना सांगून ये. गाडी उघडायची आहे."

"बापू!" समरदा पुढं आला. "अहो, खात्री नाही म्हणतेय ती! तिसरा नंबर आहे. उघडली तर शेवटी उभं राहावं लागेल. चषक गेला!"

"तुला खात्री आहे का, काही झालं नाही याची?"

"मला कशी असेल? मी गाडीत होतो का?"

"नव्हतास. मीही नव्हतो. गाडीला तोंड नसतं समर. ती होती आत, ती सांगतेय."

दस्तूमामा लंगडत कोंडवाड्याकडं निघाले. नेहमीपेक्षा भराभर चालत होते असं मला वाटलं.

गाडी पिटमध्ये आणून उघडली. डावं चाक काढलं, चाकाच्या मागचे दांडे, सांधे, सगळं सुटं करून फडक्यावर मांडलं. बापूंची शिरोलीला फाउंड्री होती. तिथं ओतीव तुकडा तयार झाला की ते त्याच्यावर हातोडीनं हलकेच टकटक करून कान लावायचे. आत चीर असेल तर आवाज बद्द येतो, नसेल तर खणखणीत. इथंही ते मांडी घालून खाली बसले, पांढऱ्या पँटची पर्वा न करता, आणि एकेक भाग उचलून पान्यानं वाजवू लागले. आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत होतो. टण्. टण्. टण्. मला त्या वेळी काय वाटत होतं ते सांगते. एक तरी तुकडा बद्द वाजू दे, असं मी मनातल्या मनात विनवत होते. काहीतरी मोडलेलं निघू दे.

सगळे तुकडे देवळातल्या घंटेसारखे वाजले.

मामांनी भिंग लावून सांधे पाहिले. मापं घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "काय न्हाई बापू. समदं ठीक हाय."

 समरदा खुर्ची उचलून बाहेर जाऊन बसला. पोरं तुकडे पुन्हा जोडायला लागली, आणि एरवी गाणी म्हणत काम करणारी ती पोरं त्या दिवशी नुसते नट आवळत होती. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"बापू, चुकलं माझं," मी म्हटलं.

"काय चुकलं?"

"काहीच सापडलं नाही."

"काही नाही हे सापडलं की," बापू म्हणाले आणि हात धुवायला गेले. मला ते टोचून बोलल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं आणि सांगताना रडले. बाबा ऐकत राहिले. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत ब्रेकची दोन पेडलं होती, एक शिकणाऱ्याकडं आणि एक त्यांच्या पायाखाली. माझं बोलणं ऐकतानाही त्यांचा उजवा पाय नक्की कशावर तरी दाबलेला असणार.

"आपली गाडी कोणी न सांगता घासून आणली की मला कळतं की नाही?" ते म्हणाले.

"कळतं."

"मग? तू सांगितलंस ना? विषय संपला. जेवलीस का?"

"नाही."

"तिकडं भात बरा मिळतो म्हणतात. जेव जा."

शर्यतीच्या दिवशी मी सगळ्यांच्या मागं उभी होते. पुढं गाड्यांच्या शेपट्याच शेपट्या. सुरुवातीचे लाल दिवे विझले आणि सगळे उधळले. पहिल्याच वळणावर पुढच्या तीन गाड्या एकमेकींत अडकल्या, मी कडेनं निघून गेले. मग एकेक करून पकडत गेले. कशी ते नीट आठवत नाही, पण एक गोष्ट आठवते. तिसऱ्या वळणाला पुढच्या गाडीला ओलांडायचं असेल तर त्याच कठड्यावर चाक घालावं लागायचं. मी घातलं. दर वेळी घातलं. त्या चाकामागचा नट न् नट काल माझ्यादेखत उघडून लावलेला होता. मला तिच्याबद्दल काडीचीही शंका नव्हती. समोरचे ब्रेकवर पाय ठेवायचे तिथं मी ठेवत नव्हते.

शेवटच्या फेरीला मी पाचवी होते आणि चौथ्या गाडीच्या गरम तेलाचा वास माझ्या नाकात येत होता. शेवटच्या वळणाला मी तिच्या बगलेत शिरले. अजून शंभर पावलं रस्ता असता तर! पण रस्ता नव्हता. झेंडा पडला तेव्हा तिचं टोक माझ्या टोकाच्या पुढं होतं. चषक चेन्नईला गेला.

पिटमध्ये आले.  मामांनी पट्टे सोडले. बापू पुढं आले.

"आधी गाडीचं," ते म्हणाले.

मी रडत रडत सांगितलं. मागचं उजवं टायर शेवटी कसं सुटत होतं, चौथा गिअर कुठं अडखळत होता, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बरं," आणि चेन्नईच्या टीमचं अभिनंदन करायला गेले. माझ्याबद्दल एक शब्द नाही.

परतताना बापू आणि समरदा मोटारीनं पुढं गेले. मी ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि दस्तूमामांच्या मध्ये बसले. बेंगळुरू ओलांडलं. शेवटी एका धाब्यावर चहाला थांबलो. मामांनी बाकड्यावर डावा पाय लांब केला आणि गुडघा चोळायला लागले.

"मामा, पाय कशानं झाला असा?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं. वर्षभर त्यांच्यासोबत काम केलं होतं, कधी विचारलं नव्हतं.

"गाडीनं. आपल्याच." मामांनी बशीत चहा ओतला. "मद्रासजवळ जुनी धावपट्टी हुती, तिथं शर्यती व्हायच्या. एक पोरगा हुता आमच्याकडं. लई जोरात. आदल्या दिशी नंबराच्या फेऱ्या मारताना त्याच्या ब्रेकचं पेडल एकदा तळाला गेलं. एकदाच. परत ठीक झालं. त्यानं इचार केला, सांगितलं तर गाडी उघडावी लागंल, पहिला नंबर जाईल. खात्री तर न्हाई. गप ऱ्हायला."

"मग?"

"मग शर्यतीत पिटात आला. मी समोर थांबायचा बोर्ड घिऊन उभा. त्यानं पाय दाबला, पेडल तळाला." मामांनी बशी तोंडाला लावली, सगळा चहा संपवला. "दुसऱ्या दिशी दवाखान्यात माझ्या उशाला यिऊन बसला आन् सांगितलं. कुणी इचारलं नव्हतं. कुणाला कळलंबी नसतं. त्या दिसापास्नं त्यो परत गाडीत बसला न्हाई."

"कोण होता तो?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अगदीच दूधखुळी.

"बापूच की गं," ते म्हणाले. "पाय माझा मोडला. पर लंगडतंय कोण, बघ."

पुढचा सगळा रस्ता मी मामांच्या पायाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसले.

शिरोलीला फाउंड्रीच्या आवारात ट्रक शिरला तेव्हा ऊन वर आलं होतं. फाटकाशी आमची 'एल' लावलेली पांढरी मारुती उभी होती. बाबा न्यायला आले होते, पण आत यायचा संकोच वाटून गाडीतच बसले होते. पोरांनी शर्यतीची गाडी फळ्यांवरून खाली उतरवली. मामांनी सीटमधून गोधडीच्या घड्या एकेक करून ओढून काढल्या, झटकल्या, उन्हात धरून फाटली नाही ना ते पाहिलं.

"बायकोला देतो आता परत," ते म्हणाले. "तुला हिचं काम न्हाई इथनं फुडं."

मला कळायचं ते कळलं. एक शर्यत म्हणाले होते, ती झाली होती. मी बॅग उचलली, मामांच्या पाया पडले, आणि त्या रिकाम्या सीटकडं एकदा बघून फाटकाकडं चालू लागले. गोधडी काढल्यावर ती सीट किती मोठी दिसत होती! मी तिच्यात तीन दिवस बसले होते हे खरं वाटेना.

"पद्मजा!"

बापू ऑफिसच्या दारात उभे होते. हातात चहाचा कप.

"सोमवारी मोकळी आहेस का?"

"सकाळी बायकांची बॅच असते," मी म्हटलं.

"मग बॅच आटपून ये."

"कशाला?"

"माप द्यायला. समरची सीट समरला राहू दे. पुढच्या वर्षी दोन गाड्या उतरवतोय. तुझी सीट तुझ्या मापाची पाहिजे, दस्तूच्या बायकोच्या गोधड्या किती फाडायच्या?"

मी बघतच राहिले. मागं मामा गोधडीची घडी घालत होते, तोंड दुसरीकडं करून. खांदे हलत होते, हसत होते लबाड.

मला खूप काही म्हणायचं होतं. 

"आणि जुने कपडे घालून ये," बापू म्हणाले. "फोम एकदा कापडाला चिकटला की निघत नाही."